मीराबेनची कुटी आणि हॉस्टेलचं कॅबिनेट

वर्धा जिल्ह्यात कॉम्प्युटर जोडायला निघालं की दुकानदार प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो, ग्राफिक कार्ड विचारतो. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : हा डबा मे महिन्यात कुठे ठेवणार? हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली राहणाऱ्यांना या प्रश्नाचं महत्त्व सांगायला नको. बाहेर ४४-४५ अंश, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडतो, आणि पंखा तीच गरम हवा गरागरा फिरवतो. माणूस निदान उठून नळाखाली डोकं धरू शकतो. प्रोसेसर बिचारा कुठे जाणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विंगमधल्या एका मित्राचा पीसी ऐन प्रोजेक्टच्या दिवसांत दुपारी दोन ते पाच बंद पडायचा. कॅबिनेट दिसायला एकदम झकास. समोर अखंड काच, आत लाल-निळे दिवे. वारा आत यायला मात्र बाजूला बोटभर फट. तेव्हापासून आमच्याकडे रात्रीच्या चहाला दोन पक्ष पडले. एक म्हणतो जाळीचं कॅबिनेट घ्या, भरपूर पंखे लावा. दुसरा म्हणतो छोड यार, सरळ वॉटर कूलिंग करू. मी मेकॅनिकलचा असल्यामुळे दोन्ही पक्षांनी मला पंच नेमलं. उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो, ते ठिकाण आपल्याला सगळ्यांना तोंडपाठ आहे. सेवाग्रामची बापूकुटी. शाळेच्या सहलीत आपण ती पाहिलेली असते, पाहुणे आले की दाखवलेलीही असते. पण ती मूळची कोणाची, कोणी उभी केली, हे विचारलं की दहातले आठ जण गप्प बसतात. ती उभी केली एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या मुलीने. हा लेख तिच्याविषयी आहे. कॅबिनेटचं उत्तरही वाटेत येईलच.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील एडमंड स्लेड नौदलात, पुढे रिअर अ‍ॅडमिरल झाले. ते बोटीवर असत, त्यामुळे मॅडेलिनच्या लहानपणाचा मोठा भाग सरे परगण्यात आजोबांच्या घरी गेला. शेत, झाडं, घोडे, गाई यांचं तिला जे वेड लागलं ते मरेपर्यंत सुटलं नाही. दुसरं वेड संगीताचं, तेही एकाच माणसाच्या. बीथोव्हेन. वडिलांची नेमणूक हिंदुस्थानच्या बाजूच्या आरमारावर झाली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असताना मुंबईत येऊन राहून गेली. अ‍ॅडमिरलची मुलगी म्हणून पार्ट्या, मेजवान्या, बंगले पाहिले. खरा हिंदुस्थान तिला त्या वेळी दिसलाच नाही.

बीथोव्हेनमुळे ती रोमां रोलां या फ्रेंच लेखकाकडे ओढली गेली, कारण त्यांनी बीथोव्हेनवर लिहिलं होतं. त्यांचं लेखन मुळातून वाचता यावं म्हणून ती फ्रेंच शिकली आणि त्यांना भेटायला स्वित्झर्लंडला गेली. रोलां तेव्हा गांधीजींवर एक छोटं पुस्तक लिहीत होते. भेटीत तो विषय निघाला. गांधी हे नाव तिला माहीतच नव्हतं. पुस्तक निघाल्यावर तिने ते पॅरिसमध्ये विकत घेतलं, वाचून संपवलं, आणि पुढचं आयुष्य कुठे घालवायचं ते तिचं ठरून गेलं.

इथे मला ही बाई आपल्यातली वाटते. तिने लगेच बोटीचं तिकीट काढलं, आणि मग स्वतःलाच थांबवलं. तयारी नसताना जाणं बरोबर नाही, म्हणून एक वर्ष चाचणीचं. मांस आणि दारू सोडली. मांडी घालून जमिनीवर बसण्याचा सराव केला. जमिनीवर झोपायला लागली. सूत कातायला शिकली, उर्दू शिकायला घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर मशीन नव्या परिस्थितीत टाकण्याआधी बारा महिने टेस्टिंग. मगच गांधीजींना कळवून ती निघाली. ६ नोव्हेंबर १९२५ ला मुंबईत उतरली आणि दुसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, साबरमतीच्या आश्रमात पोचली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची व्हायची होती. गांधीजींनी तिला मीरा हे नाव दिलं. तिने केस कापून टाकले, पांढरी खादीची साडी नेसायला सुरुवात केली, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं.

पुढची दहा वर्षं धावपळीची. खादीच्या कामासाठी देशभर फिरणं, आश्रमातली सफाई, हिंदी शिकणं, सत्याग्रहात तुरुंगवास. १९३१ ला गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा मीराबेन सोबत होत्या. जिथे त्यांचा जन्म झाला त्या देशात त्या खादीच्या साडीत, गरीब वस्तीतल्या किंग्जली हॉलमध्ये राहिल्या. १९३४ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेचा दौरा करून त्यांनी ठिकठिकाणी हिंदुस्थानची बाजू मांडली.

आता आपला जिल्हा. १९३४ नंतर गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात हलला. जमनालालजी बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पा ते सांभाळत. पण मीराबेनना खेड्यात राहायचं होतं. आधी त्यांनी वर्ध्याला लागून असलेलं सिंदी गाव धरलं. लोक रस्त्यावरच शौचाला बसत, आणि ही अ‍ॅडमिरलची मुलगी रोज सकाळी झाडू-बादली घेऊन ते रस्ते साफ करी. मग त्या आणखी आत, वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या शेगावात गेल्या. तेव्हा पक्का रस्ता नाही, दवाखाना नाही, पोस्ट नाही. गांधीजींच्या मनातही खेड्यातच जाऊन राहायचं होतं. ३० एप्रिल १९३६ ला, म्हणजे आपल्याकडे डांबर वितळतं त्या दिवसांत, ते शेगावला आले. याच गावाचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं, कारण पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जात.

राहायला घर हवं होतं. गांधीजींची अट अशी की सामान आसपास मिळेल तेच, काम गावातल्याच माणसांकडून, आणि खर्च पाचशे रुपयांच्या वर जाता कामा नये. प्रोजेक्टला बसलेल्यांनी या अटीकडे नीट पाहावं. बजेट, साहित्य, मनुष्यबळ, तिन्ही गोष्टी बांधलेल्या. वर हवामान विदर्भाचं. आधी आदि निवास झालं. एक मोठी खोली आणि भोवती पडवी. त्यातच गांधीजी, कस्तुरबा, येणारे-जाणारे, सगळे. १९३६ मध्ये तुकडोजी महाराज महिनाभर राहिले तेही इथेच. जवळच मीराबेननी स्वतःसाठी एक लहान कुटी बांधली. गावातल्या लोकांना पिंजण आणि कताई शिकवायची जागाही तीच. आपण आज जिला बापूकुटी म्हणतो ती हीच.

एकदा ही कुटी मेकॅनिकलवाल्याच्या नजरेने बघा. भिंती माती, बांबू आणि लाकडाच्या. वर कवेलू. चारी बाजूंनी पडवी, आणि पडव्यांचं छप्पर इतकं खाली उतरवलेलं की दारातून जाताना उंच माणसाला वाकावं लागतं. खिडक्या लहान. जमीन शेणाने सारवलेली. यातली प्रत्येक गोष्ट उष्णतेच्या हिशेबात बसते. आपल्या भागात उन्हाळ्यात खरा शत्रू म्हणजे भिंतीवर आणि छपरावर पडणारं थेट ऊन. पडवीमुळे मूळ भिंतीला ऊन लागतच नाही. कवेलूंच्या थरात असंख्य फटी असतात, वर चढलेली गरम हवा त्यातून निघून जाते. स्लॅबला हे जमत नाही. तो पाण्याच्या टाकीसारखी उष्णता साठवतो आणि आपण झोपायला गेलो की ओतायला लागतो. लहान खिडक्यांतून दुपारची झळ कमी येते, आणि सकाळ-संध्याकाळ वारा खेळतो.

मी खोटं सांगणार नाही. मे महिन्याच्या दुपारी कुटीत गेलं तर एसीत गेल्यासारखं वाटत नाही. ४५ अंशांचे २५ करण्याची जादू मातीत नाही. पण पडवीत पाय ठेवला की अंगावरची झळ उतरते, आणि आतल्या अंधुक उजेडात डोळे शांत होतात. भिंतीवर मीराबेननी स्वतःच्या हाताने मातीत उठावाची चित्रं काढली आहेत : ताडाची झाडं, ॐ, चरखा. पाचशे रुपयांच्या अटीतही त्यांनी सजावटीला जागा काढली, फक्त ती सजावट वाऱ्याच्या वाटेत आणली नाही. आमच्या मित्राच्या काचेच्या कॅबिनेटचा आणि या कुटीचा फरक एवढाच आहे.

आता पंचाचा पहिला निकाल. कॅबिनेट म्हणजे प्रोसेसरचं घर. गेम किंवा रेंडरिंग चालू असताना मध्यम पीसी साधारण ३०० वॅट वीज खातो, आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. म्हणजे डब्यात तीनशे वॅटचा हीटर बसला आहे असं समजा. आत येणारी हवा बाहेर जाताना फक्त १० अंशांनी तापावी असं वाटत असेल, तर फर्स्ट इयरच्या सूत्राने हिशेब करा. सेकंदाला सुमारे ०.०३ किलो हवा लागते, म्हणजे तासाला साधारण १०० घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर जो सीएफएमचा आकडा असतो त्यात सांगायचं तर ५५ ते ६०. हवा निम्मी केलीत तर वाढ २० अंशांची. खोली ४२ अंशांवर असेल तर डब्यातली हवा ६२ वर गेली, आणि हीटसिंकला त्याच हवेत स्वतःला थंड करायचं आहे. बहुतेक प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि त्याच्याही वर गेले तर बंद पडतात. दुपारी दोन ते पाचचं गूढ इथे उकललं.

खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो हेही लक्षात ठेवा. पंख्यासमोर काच आली, दाट फिल्टर आला, वायरींचं जाळं आलं की तो आकडा निम्म्यावर येतो. म्हणून निवडताना समोरचा भाग जाळीचा आहे का ते आधी पाहावं, दिवे नंतर. गार हवा समोरून आणि खालून आत, गरम हवा मागून आणि वरून बाहेर. गरम हवा वर चढते म्हणून तिला वरची वाट देणं सोपं, कवेलूंच्या फटींसारखं. समोर दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा एवढं बहुतेकांना पुरतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की डब्यात किंचित दाब राहतो आणि फटीफटीतून धूळ आत शिरत नाही. ज्यांच्या हॉस्टेलसमोर अजून डांबरी रस्ता व्हायचा आहे त्यांना ही टीप सोन्यासारखी. वायरी मागच्या बाजूने न्या. आणि कॉम्प्युटर टेबलच्या त्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवू नका. तो कप्पा म्हणजे पडवीला विटा लावून बंद करणं.

झाकण उघडं टाकून टेबल फॅन लावणारा एक तिसरा पक्षही आहे. वाईट कॅबिनेटमध्ये त्याने चार अंश कमी होतात हे खरं, पण मग धूळ थेट कार्डावर, आणि पाल आत जाऊन बसली की विचारू नका. चांगल्या कॅबिनेटमध्ये झाकण काढल्याने वाऱ्याची ठरलेली वाट मोडते.

आता दुसरा पक्ष, पाणीवाले. यांच्या डोक्यात एक घोळ आहे आणि तो मोठमोठ्यांच्या डोक्यात असतो. पाणी म्हणजे थंड, म्हणून वॉटर कूलिंग म्हणजे थंड. तसं नाही. वॉटर कूलिंगमध्ये प्रोसेसरवर एक तांब्याचा ठोकळा बसतो, त्यातून पंप पाणी फिरवतो, ते पाणी नळीने रेडिएटरला जातं आणि तिथे पंखे त्यातली उष्णता खोलीच्याच हवेला देतात. पाणी फक्त हमाल. उष्णता एका जागेवरून उचलून मोठ्या पसरट जागेवर नेतो. फायदा निश्चित आहे : रेडिएटर मोठा, पंखे सावकाश, आवाज कमी, प्रोसेसर काही अंश खाली. पण खोली ४२ अंश असेल तर फिरणारं पाणी ४२ च्या खाली कधीच येणार नाही. मोटारसायकलचं रेडिएटर तुम्हाला उन्हात थंड पाणी देत नाही, तसंच.

मग आपला माठ कसा थंड होतो? आणि कूलर? तिथे पाणी उडून जातं. वाफ होताना पाणी प्रचंड उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४०० किलोज्यूल. तुमचा ३०० वॅटचा पीसी तासभर जेवढी उष्णता टाकतो, तेवढी अर्ध्या लिटरपेक्षाही कमी पाणी उडून जाताना घेऊन जातं. आणि आपल्या भागाला निसर्गाने एक वरदान दिलं आहे, कोरडा उन्हाळा. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या ताटीतून येणारी हवा कागदावर २५ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात कूलर तिथवर जात नाही, पण तिशीच्या आसपास आणतो. मुंबईत ही मजा नाही, तिथे हवा आधीच पाण्याने भरलेली. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या वाळ्याच्या ताट्या, अंगणात सडा, माठाला ओलं फडकं चालत आलं ते यामुळेच. सेवाग्रामात गांधीजी उन्हाळ्यात डोक्यावर ओलं फडकं ठेवून कामाला बसत. तेही बाष्पीभवनच. सगळ्यात महत्त्वाच्या प्रोसेसरला त्यांनी वॉटर कूलिंग केलं होतं म्हणा ना.

तेव्हा पंचाचा दुसरा निकाल असा. वर्धा जिल्ह्यात पैसे आधी खोली थंड करण्यात घालावे, मग जाळीच्या कॅबिनेटमध्ये, आणि उरलेच तर वॉटर कूलिंगमध्ये. चौघांनी मिळून घेतलेला एक कूलर चारही पीसींचं आणि चारही मालकांचं तापमान उतरवतो. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार किती ते ताट्यांवर साचणारा पांढरा थर सांगतोच. खिडकी किंवा दार समोरासमोर उघडं ठेवा, नाहीतर खोली ओलसर होते आणि कूलर कामच करत नाही. पावसाळा लागला की त्याचा उपयोग संपतो, पण तेव्हा बाहेरचं तापमानही उतरलेलं असतं.

हौस म्हणून पाणी खेळवायचंच असेल तर जरूर खेळवा, शिकायला मिळतं. पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरचं घातलं तर ठोकळ्यातल्या केसाएवढ्या खाचा महिन्यांत बुजतात. तांब्याचा ठोकळा आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडू नका, केमिस्ट्रीचे सर सांगतील तशी बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. शेवाळ येऊ नये म्हणून औषध मिसळलेलं तयार द्रावण मिळतं, ते वापरा. पाणी भरल्यावर पीसी चालू न करता फक्त पंप काही तास चालवा आणि जोडांखाली कोरडा कागद ठेवा. कागद कोरडा राहिला तरच पुढे.

असो. मीराबेनकडे परत येऊ, कारण कुटीची खरी गोष्ट पुढे आहे. आदि निवासात माणसं वाढत गेली. गांधीजींना कामाला आणि विश्रांतीला शांत जागा मिळेना. तेव्हा मीराबेनची कुटी थोडी वाढवून त्यांना देण्यात आली, आणि मीराबेन दुसरीकडे राहायला गेल्या. स्वतःच्या हाताने चित्रं काढलेल्या भिंती त्यांनी सोडल्या. त्या घरात पुढे देशाचे निर्णय झाले. १९४२ च्या जुलैमध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात झाली आणि इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव झाला. त्याचा अर्थ व्हाइसरॉयला समजावून सांगायला गांधीजींनी मीराबेननाच दिल्लीला पाठवलं. व्हाइसरॉयने भेट नाकारली, सेक्रेटरीला भेटून त्या परतल्या. ९ ऑगस्टला गांधीजींना अटक झाली. मीराबेनही त्यांच्याबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होत्या. तिथे १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोन्ही मृत्यू मीराबेननी जवळून पाहिले. मे १९४४ मध्ये सुटका झाली.

सुटल्यावर त्या सेवाग्रामात रमल्या नाहीत. उन्हाळ्याने आणि वारंवारच्या तापाने त्यांची प्रकृती खालावली होती, आणि लहानपणचं शेत-जनावरांचं वेडही उसळून आलं होतं. त्या उत्तरेला गेल्या. रुरकीजवळ किसान आश्रम काढला, मग ऋषीकेशजवळ पशुलोक, पुढे टिहरीकडे भिलंगणा नदीच्या खोऱ्यात गोपाल आश्रम. हिमालयात फिरताना त्यांच्या लक्षात आलं की डोंगरांवरची बांज, म्हणजे ओकची झाडं, कमी होत आहेत आणि त्यांच्या जागी चीड पसरतं आहे. बांजाच्या खाली पानांचा ओला थर असतो, तो पाऊस धरून ठेवतो. चीडाखाली जमीन कोरडी राहते, पाणी सरळ वाहून जातं, खाली पूर येतात आणि वर झरे आटतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे लिहून काढलं आणि सरकारपुढे मांडलं. फारसं काही झालं नाही. हीच बाब देशाला मोठ्याने ऐकू आली ती १९७० च्या दशकात, चिपको आंदोलनाच्या वेळी. कुटीच्या भिंती बांधताना ज्या बाईने ऊन आणि वारा वाचला, तिने डोंगरावर पाणी वाचलं. शिक्षण इंजिनिअरिंगचं नव्हतं, जिथे राहायचं तिथे डोळे उघडे ठेवायची सवय मात्र होती.

३० जानेवारी १९४८ नंतर त्यांचं इथे असण्याचं मुख्य कारणच गेलं होतं. तरी त्या आणखी दहा-अकरा वर्षं काम करत राहिल्या. प्रयोग एकामागून एक अडत गेले, सरकारी मदत कधी मिळे कधी नाही. १९५९ च्या सुरुवातीला त्यांनी भारत सोडला. १९६० मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं. शेवटची वर्षं त्यांनी ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या एका खेड्यात काढली. जिथून सगळं सुरू झालं त्या बीथोव्हेनच्या मुलखात, थंड हवेत, झाडांमध्ये. भारत सरकारने अखेरच्या काळात त्यांना पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ ला त्या वारल्या. वय ८९. त्यानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा गांधी सिनेमा लागला आणि मीराबेन पडद्यावर जगभर पोचल्या. तो त्यांनी पाहिला नाही.

मला राहून राहून एक वाटतं. ज्या बाईने आपल्या उन्हाला तोंड देणारं घर उभं केलं, तिलाच ते ऊन झेपलं नाही. हे तिचं अपयश नाही. इंग्लंडच्या हवेत वाढलेलं शरीर घेऊन ती साबरमतीला, वर्ध्याला, सिंदीला, शेगावला राहिली, आजारी पडली, पुन्हा उभी राहिली. डबा कितीही चांगला असला तरी आतल्या यंत्रालाही मर्यादा असते, हे तिच्याइतकं कोणाला कळलं असेल? आणि तरी तिने बांधलेलं घर तिच्यानंतरही उभं आहे, कारण ते दरवर्षी सारवलं जातं, कवेलू फेरले जातात, पडझड झाली की माती लावली जाते. मातीचं घर एकदा बांधून विसरता येत नाही.

कॅबिनेटचंही तसंच. आमच्या मित्राने अखेर काचेचा डबा विकून जाळीचा घेतला, ठरवलेल्या बजेटमध्येच. तीन पंखे, मागून नेलेल्या वायरी, टेबलाच्या कप्प्याऐवजी भिंतीपासून वीतभर पुढे, विटेवर. दर दुसऱ्या रविवारी तो फिल्टर काढून नळाखाली धुतो. या मेमध्ये त्याचं रेंडरिंग भर दुपारी चाललं. वॉटर कूलिंगवाले अजून हट्ट सोडत नाहीत, त्यांचं पुढच्या सेमिस्टरला बघू. तोवर एखाद्या संध्याकाळी सायकल काढा आणि सेवाग्रामला जाऊन या. बापूकुटीत शिरताना डोकं वाकवाल तेव्हा ते छप्पर इतकं खाली का आहे ते आठवा, आणि भिंतीवरची ताडाची झाडं कोणाच्या हातची आहेत तेही. तिथे सोबत पाहुणे असतील तर त्यांना तिचं नाव जरूर सांगा.